तुम्ही विचारलंत म्हणून: घरी तेलुगू बंद करू का?

जून लागला की तेलंगणाच्या सीमेजवळच्या आमच्या देगलूरात मला, अंगणवाडी सेविकेला, हा प्रश्न ठरलेला, बाजारात गाठून विचारतात, लग्नात पंगतीत विचारतात. "ताई, लेकरू घरी तेलुगूत नुसतं चुरूचुरू बोलतंय, अंगणवाडीत आलं की तोंडच उघडत नाही, मग आता घरी तेलुगू बंदच करावं का?"

नका करू. अजिबात नका.

आपल्याकडं दोन भाषांचं लेकरू म्हणजे काही आक्रीत नाही बाप्पा. १९५६ ला राज्यांच्या रेघा मारल्या तेव्हा बिचकुंदा, जुक्कल तिकडं आंध्रात (आता तेलंगणात) गेलं, पण सोयरिकी कुठं थांबल्या, माय तिकडची, बाप इकडचा, शेजारी दखनी बोलणारे, हे घरोघरचंच आहे. आता तेलुगू बंद केलं की काय होतं ते मी बघितलेलं आहे. मायला मराठी येतं कामापुरतं, मग ती लेकराशी "जेव, झोप, गप बस" एवढंच बोलते, गोष्टी गेल्या, लाड गेले, आणि लेकराला वाटतं माय रुसली की काय. मराठी तर येत नाहीच लवकर, घरचं बोलणं पण आटतं. २०२० च्या शिक्षण धोरणात पण लहान लेकरांना शक्य तिथं घरच्या भाषेतूनच शिकवा असं लिहिलंय, आणि इथं आपणच घरची भाषा बंद करायला निघालो.

गप्प बसणं म्हणजे काही येत नाही असं नसतं. नव्या भाषेत पडलेलं लेकरू आधी नुसतं ऐकतं, काही आठवडे, कधी काही महिने. "चपला रांगेत ठेवा" म्हटलं आणि त्यानं ठेवल्या, तर समजायचं काम चालू आहे.

मागं एक पोरगी होती, दाराजवळ बसायची आणि बाटलीचं झाकण चावायची, बास. मी तिला कविता म्हण, नाव सांग असलं काही म्हटलं नाही, खिचडीच्या वेळी ताटल्या वाटायला दिल्या. ताटली ठेवताना हळू आवाजात मोजायची, ओकटि, रेंडु, मूडु. शेजारचं पोरगं म्हणालं तीन, तीन म्हण. मग ओकटि, रेंडु, तीन सुरू झालं आणि थोड्या दिवसांत अख्खी अंगणवाडी तसंच मोजायला लागली, सुपरवायझर मॅडम आल्या तेव्हा सुद्धा 😄 भाषांची अशी खिचडी झाली म्हणून घाबरू नका, ती आपोआप वेगळी होते.

आम्हा सेविकांसाठी पण सांगते. तेलुगू लेकरू आलं की चार शब्द आपण शिकायचे, नीळ्ळु म्हणजे पाणी, आकली म्हणजे भूक, नोप्पी म्हणजे दुखतंय, आणि सगळ्यात महत्त्वाचं उच्च, म्हणजे सू. पहिल्या दिवसांतलं अर्धं रडणं या उच्चपायीच असतं, लेकराला सांगता येत नाही, चड्डी ओली होते आणि दुसऱ्या दिवशी ते दारातनंच मागं फिरतं.

आणि आयांनो, गुपचूप सटकू नका. सांगून जा, "खिचडी खाऊन झाली की येते", कारण बारा वाजता म्हटलं तर त्याला घड्याळ कुठं कळतंय, आणि मग खरंच त्या वेळेला या. आजी पहिले काही दिवस ओट्यावर बसली तरी चालेल. फक्त लेकरासमोर "आमची लई लाजाळू आहे हो" हे पालुपद बंद करा, ऐकून ऐकून ते तसंच वागायला लागतं. आणि पाहुण्यांसमोर मराठी बोलून दाखव हे तर नकोच.

काळजी कधी करायची? घरी तेलुगूत पण बोलत नसेल, हाक मारली तरी वळत नसेल, तर कान तपासून घ्या, अंगणवाडीत वर्षातनं दोनदा तपासणीची टीम येते तिला नीट सांगा. घरी बडबड आणि इथं महिनोन्महिने मैत्रिणीशी पण एक शब्द नाही, असं असलं तरी लेकरांच्या डॉक्टरला दाखवा, ती नुसती लाज नसते.

बाकी सोमवारपासनं पाठवा. बाटलीवर नाव तेवढं टाका, सगळ्यांच्या निळ्याच असतात.