सगळे मेले, नकाशा तेवढा राहिला – माझा एट्रियन ओडिसीचा अनुभव

तर झालं असं की मावसभाऊ जर्मनीला जाताना त्याचा जुना निन्टेन्डो डीएस लाईट, म्हणजे हातात धरून खेळायचा दोन स्क्रीनचा गेमचा डबा, माझ्याकडे टाकून गेला, सोबत एकच गेम. एट्रियन ओडिसी. अॅटलस कंपनीचा, २००७ चा. मी म्हटलं डीएसवर मारिओ नाही काय नाही, हे काय जंगलाचं चित्र, आणि तो डबा वर्षभर कपाटात तसाच पडून. मग जुलै २०२१ चा पूर आला. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत, आमच्या गल्लीत पाणी येत नाही, पण लाईट गेलेली, नळाला पाणी नाही, शिरोलीजवळ हायवे बंद, मोबाईलची बॅटरी जपून वापरायची कारण दर तासाला कोणतरी फोन करून विचारणार पंचगंगा किती फुटावर आहे. धोक्याची पातळी ४३ फूट आणि ती कधीच मागं पडलेली. तेव्हा हा डबा आठवला. ब्राइटनेस एकदम कमी ठेवला की लई चालतो हा, शेजारच्या काकांच्या इन्व्हर्टरवर एकदा चार्ज केला की दोन दिवस निवांत.

गेम असा आहे की एट्रिया नावाचं गाव आहे, गावाखाली जंगलाचा चक्रव्यूह आहे, मजल्यावर मजले खाली खाली जातात, आणि पाच जणांची टोळी घेऊन आपण उतरायचं. वरच्या स्क्रीनवर जंगल दिसतं, खालच्या स्क्रीनवर कोरा चौकटीचा कागद. भिंती आपणच स्टायलसनं, म्हणजे स्क्रीनवर लिहायच्या कांडीनं, ओढायच्या. दार, जिना, पेटी, सगळ्याची खूण आपणच मांडायची. गावचा पहिला हुकूमच हा की पहिल्या मजल्याचा नकाशा काढून आणा मग पुढचं बोलू. मला वाटलं हे कुठलं होमवर्क.

टोळीला नावं दिली. पुढं ढाल घेऊन पैलवान, त्याच्या शेजारी तलवारवाला बंड्या, मागं औषधपाण्याला अक्का, आग फेकणारा मसाला आणि धनुष्यवाला नेम्या. पहिल्या मजल्यावर एक फुलांची मोकळी जागा लागते, गेम विचारतो विसावा घेणार का. घेतला. विषारी फुलपाखरं आली आणि पाचही जण आडवे. सुरू करून वीस मिनिटं पण नव्हती झाली हो! त्यात जंगलात हवं तिथं सेव्ह करता येत नाही, गावात परत जायला अरियाड्नेचा धागा म्हणून एक वस्तू मिळते ती दुकानातून घ्यायला लागते, आणि मी ती किती वेळा विसरलो हे सांगायला लाज वाटते. एकदा तर दुसऱ्या मजल्यावर, अक्काची सगळी शक्ती संपलेली, पैलवान एकटा जिवंत, जिना दहा पावलांवर, आणि मध्ये कुठनं तरी एक चिचुंद्रीसारखा प्राणी आला. खल्लास. पण मेल्यावर गेम एक विचारतो, नकाशा तेवढा ठेवायचा का. बाकी सगळं जातं, लेव्हल पैसे सामान, काढलेला नकाशा राहतो. हे मला आधी थट्टा वाटली होती.

तिसऱ्या दिवशी आमचे अण्णा मागं येऊन उभे राहिले. अण्णा म्हणजे वडील, भूमी अभिलेखमधून रिटायर, भूकरमापक, उभा जन्म लोकांच्या बांधावर साखळी ओढण्यात गेला. टीव्ही बंद, पेपर येत नाही, कट्ट्यावर जायचं तर पाऊस. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले,

"हे काय काढालायस?"

"नकाशा, अण्णा. गेम आहे."

"हद्द कुठली धरलीस? हे दार इकडं दाखवलंयस आणि तू आत्ता गेलास तिकडनं. एक घर सरकलंय की सगळं."

खरंच सरकलं होतं. अर्धा मजला एका चौकटीनं उजवीकडं. मी म्हटलं चालतंय, समजतंय मला. अण्णांचा चेहरा असा झाला जसं मी कुणाचा तरी गुंठाभर बांध कोरला. चष्मा लावला, स्टायलस हातातनं घेतला, आणि पाऊण तास बसून भिंत न् भिंत पुसून परत ओढली. आईनं दोनदा हाक मारली, "जेवणार हायसा का त्यातच राहणार," तर हात वर करून थांब म्हणाले.

दुसऱ्या मजल्यावर एक हरीण आहे, रागीट. अशा मोठ्या जनावरांना गेममध्ये एफओई म्हणतात, ती नकाशावर गोळ्यासारखी दिसतात, आपण एक पाऊल टाकलं की ती एक टाकतात. आपण दुसऱ्याशी लढत असलो तरी प्रत्येक फेरीला ती सरकतच असतात, आणि मध्येच येऊन लढाईत घुसतात. मी आपला दर वेळी भिडायचो आणि मरायचो. अण्णा म्हणाले भिडतोस कशाला, मोज की. पाठकोऱ्या कागदावर त्यांनी त्याची फेरी मांडली, इतकी पावलं सरळ, मग वळतंय, मग परत. दोन वेळा चुकलं, तिसऱ्या वेळी आम्ही त्याच्या पाठीमागनं निघून गेलो. बापलेक असे ओरडलो की शेजारच्या काकांना वाटलं लाईट आली.

मधले मजले फार सांगण्यासारखे नाहीत, तेच ते प्राणी मारून लेव्हल वाढवायची, हा भाग मला कंटाळवाणा वाटला, खोटं कशाला बोलू. कुठलं स्किल नेमकं काय करतं हे पण गेम धड सांगत नाही, मी नेम्याचे कितीतरी पॉइंट वाया घालवले.

पाचव्या मजल्यावर फेन्रिर. भला मोठा लांडगा, आणि आजूबाजूला त्याचे बारके लांडगे फिरत असतात, फेन्रिरशी लढायला लागलं की एकेक येऊन मिळतात. चार वेळा हरलो. मग आधी बारक्यांना एकेकटं गाठलं, गावात येऊन झोपलो, धागे दोन घेतले, आणि अक्काला इम्युनाइझ नावाचं स्किल शिकवलं, सगळ्या टोळीला बसणारा मार कमी करतं ते. तेव्हा लसीच्या रांगा चालू होत्या त्यामुळं नाव बघूनच हसू आलं, पण काय जबरदस्त चीज आहे, त्याच्याशिवाय मी अजून तिथंच असतो. मसाल्याची आग लांडग्याला बरोबर झोंबली. शेवटी पैलवान आणि अक्का दोघंच उरले आणि अक्कानं काठीनं हाणून फेन्रिर पाडला. औषधवाल्या अक्कानं. नाद खुळा!

पाणी उतरलं, लाईट आली, माझं ऑफिस चालू झालं. मी आठव्या मजल्यावर अडकलोय, आठवड्यातनं एखादा तास मिळतो. परवा घरी आलो तर अण्णा गॅलरीत डीएस घेऊन बसलेले. त्यांना लढाई जमत नाही, नुसतं एकच बटण दाबत राहतात. मला बघून म्हणाले, "अक्का गेली बघ. पैलवान पण गेला. पण ती पश्चिमेची भिंत तू चुकवली होतीस, ती नीट करून नकाशा ठेवलाय."