तिसरी रांग परत आलीच नाही

प्रॅक्टिकलसाठी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून आणलेले बॅबिलोनिया या समुद्री गोगलगायीचे शंख धुऊन ठेवले होते. लॅबमधल्या मामांनी त्यातला एक उचलला. "मॅडम, हा तुटका आहे, टाकू?" मी तो हातात घेतला आणि त्या दिवशीचं प्रॅक्टिकल त्याच्यावरच झालं.

शेवटच्या वेढ्यावर वेडीवाकडी खाच होती, नंतर सांधलेली. हे काम बहुधा कॅलापा खेकड्याचं. त्याच्या उजव्या नांगीवरचा खास दात शंखाच्या ओठात अडकतो आणि पत्र्याचा डबा उघडावा तशी कडा तुटत जाते. जीव आत सरकून वाचला, तर दुरुस्ती होते. प्रावार, म्हणजे शंखाला आतून लागलेली मऊ त्वचा, कडेला आधी प्रथिनाचा पापुद्रा पसरते, मग त्याखाली कॅल्शियम कार्बोनेट साचतं. रंगही तिथेच, कडेलाच भरला जातो. एकदा वाढ पुढे सरकली की मागची नक्षी बदलत नाही.

भिंगाखाली पाहिलं. खाचेपर्यंत तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा. सांध्यापुढे नखाएवढी पट्टी कोरी. मग खालच्या दोन रांगा आल्या, आधी फिकट, पुढे ठसठशीत, अगदी जुन्याच रेषेत. वरची मात्र ओठापर्यंत परत आलीच नाही.

"मॅडम, रांग कुठे होती हे त्याला कळलं कसं?" एका मुलीने विचारलं. इतका चांगला प्रश्न वर्गात क्वचितच येतो. जर्मन जीवशास्त्रज्ञ हान्स माइनहार्ट म्हणायचे, एक रसायन स्वतःला वाढवतं, दुसरं त्याला आवरतं, त्यातून ठिपके उमटतात. बॉटिगर, अर्मेनट्राउट आणि ऑस्टर या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलं की प्रावार कडेवरची जुनी नक्षी चाचपतो आणि चेतापेशी पुढची ठरवतात. खालच्या दोन रांगा या दुसऱ्या विचाराकडे झुकतात.

पुरवठादाराकडून येणारे शंख अॅसिडमध्ये बुडवून चकाकवलेले असतात. पापुद्रा गेलेला, चिठ्ठीवर ठिकाण नाही. असे शंख कपाटात शोभतात, शिकवत काही नाहीत. तरी खरेदीच्या यादीत अट हीच: 'अखंड आणि चकचकीत'.

तिसऱ्या रांगेचं मला अजून नीट लागत नाही. नक्षी चाचपता आली नाही म्हणून ती गेली, की नांगीने तिथल्या रंगाच्या पेशीच मेल्या? मला पेशींचं पटतं, कारण इतक्या वाढीत एकही ठिपका उमटलेला नाही. पण हा शंख रिकामाच आला होता, प्रावार पाहायला मिळाला नाही. मामांना सांगून ठेवलंय: पुढचा तुटका शंख जीवासकट आणा, थेट अल्कोहोलमध्ये.