वीस टाके, चाळीस ओळी

सोमवार

विणकामाची सुरुवात मफलरने करायची नाही. नवशिक्याला जो तो मफलरच सुचवतो, कारण त्यात घट नाही, वाढ नाही, सरळ पट्टी. पण हिशोब कोणी मांडत नाही. मध्यम जाडीची लोकर, साडेचार मिमीच्या सुया आणि १८ सेंमी रुंदी धरली तर साधारण ३६ टाके. दीड मीटर लांबी भरायला, सगळं सुलट (सगळ्यात साध्या टाक्याने) विणलं तर, ६०० च्या आसपास ओळी. म्हणजे २१,६०० टाके. नव्या हाताला मिनिटाला दहा टाके पडले तरी खूप झालं, म्हणजे झाले ३६ तास. तेवढा धीर राहत नाही, मफलर अर्धाच पिशवीच्या तळाशी जातो.

त्यापेक्षा वीस टाके, चाळीस ओळी. ८०० टाके, दीड तासाच्या आत. सगळ्या ओळी सुलट विणल्या की दर दोन ओळींमागे एक आडवा वरंबा उठतो. या विणीत एका टाक्याची रुंदी आणि एका वरंब्याची उंची जवळपास सारखी असते, त्यामुळे वीस टाक्यांवर वीस वरंबे झाले की चौरस तयार. पट्टी लागत नाही, कोपऱ्याला कोपरा लावून तिरकी घडी घातली की कळतं.

लोकर गुळगुळीत आणि फिक्या रंगाची हवी. काळ्या किंवा गर्द निळ्या लोकरीत टाका दिसतच नाही, आणि केसाळ लोकर उसवताना स्वतःलाच चिकटून बसते. नवशिक्याचा निम्मा वेळ उसवण्यात जातो, हे धरूनच लोकर घ्यायची. सुया बांबूच्या किंवा लाकडी. धातूच्या सुईवरून टाके आपणहून घसरतात. हात बसला की तीच घसरण हवीशी वाटते, पण ते नंतर.

सुईच्या नंबरवर विसंबू नये, मिमी बघावेत. जुन्या ब्रिटिश मापात ८ नंबर म्हणजे ४ मिमी, अमेरिकन मापात ८ नंबर म्हणजे ५ मिमी. शिवाय ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक होते आणि अमेरिकन वाढला की जाड.

मंगळवार

सुईवर पहिले टाके घालणे. सरकगाठ मारण्याआधी शेपूट, म्हणजे लोकरीचं सुटं टोक, किती सोडायची, इथेच पहिला घोळ होतो. साडेचार मिमीच्या सुईवर मध्यम लोकरीचा एक वेढा जवळपास दोन सेंमी खातो. वीस टाक्यांना ४० सेंमी, वर टोक ओवायला १५. आकडे नको असतील तर सुईभोवती लोकर वीस वेळा गुंडाळायची आणि त्यापुढे वीतभर सोडायची. शेपूट कमी पडली तर सतराव्या टाक्याला कळतं आणि सगळं पुन्हा.

काठ आवळून येतो म्हणून दोन सुया एकत्र धरून टाके घालायला सांगतात. माझं मत वेगळं आहे. दोन सुयांनी फास मोठे होतात, काठ मात्र तेवढाच राहतो. काठाची लांबी ठरते दोन टाक्यांच्या मधल्या दोऱ्यावर. टाका ओढून बसवताना शेजारच्या टाक्यापासून तीनचार मिमी लांब ठेवला की काठ आपोआप ताणला जातो.

सुलट टाक्याच्या हालचाली चारच. उजवी सुई टाक्यात समोरून मागे, लोकरीचा वेढा, वेढा ओढून पुढे, जुना टाका डाव्या सुईवरून खाली. नवा माणूस चौथ्या हालचालीत शेजारचा टाकाही खाली सोडतो, कारण टाके अगदी टोकाशी गोळा झालेले असतात. आणि टोकावरच विणत राहिलं तर आणखी एक दुखणं. टोक निमुळतं, त्यावर घडलेला टाका लहान, मग पुढच्या ओळीत त्यात सुई शिरतच नाही. ‘हात आवळतो’ म्हणून ज्या तक्रारी असतात त्यातल्या बऱ्याच हाताच्या नसतात. टाका सुईच्या पूर्ण जाडीवर बसवला की त्या मिटतात.

बुधवार

विसाचे तेवीस झाले.

हे सगळ्यांचंच होतं. वाढलेले टाके जवळजवळ नेहमी काठालाच सापडतात. ओळ पालटली की विणायची लोकर सुईच्या समोर, पहिल्या टाक्याखाली लोंबत असते. तिला मागे न्यायचं असतं. सुईच्या खालून नेली तर ठीक. सुईवरून मागे ओढली की पहिला टाका वर खेचला जातो, त्याच्या खालच्या ओळीतला टाका सुईवर येतो आणि त्या जुन्या टाक्याचे दोन पाय दोन वेगळ्या टाक्यांसारखे दिसतात. दोन्ही विणले, एक टाका वाढला. असं तीन ओळींत झालं की तेवीस.

डोळ्यांनी नीट बघितलं तर लबाडी कळते. खऱ्या टाक्याच्या बुडाशी लोकरीची गळपट्टी असते, मागच्या ओळीच्या वरंब्यातून तो बाहेर येतो. या फसव्या जोडीचे दोन्ही पाय एकाच भोकातून वर आलेले असतात. लोकर खाली खेचली की जोडी मिटून एक टाका होतो.

टाके मधेच वाढले असतील तर कारण दुसरं. तिथे भोक दिसतं. लोकर पुढेमागे होताना सुईवर फुकटचा वेढा पडला आणि पुढच्या ओळीत तो टाका समजून विणला गेला. भोक नसेल आणि एका जागी टाका दाटीने बसलेला दिसत असेल, तर एकच टाका जुळा झाला आहे: टाका विणला, पण डाव्या सुईवरून सोडला नाही आणि पुन्हा त्यातच सुई घातली.

ओळ अर्धी टाकून उठू नये. उठावंच लागलं तर परत बसताना एवढं बघायचं, गुंड्याकडे जाणारी लोकर उजव्या हातातल्या सुईतून निघाली पाहिजे. सुया उलटसुलट धरल्या की अर्ध्यातूनच माघारी विणलं जातं आणि चौकोनाची एक बाजू दोन ओळी बुटकी राहते.

गुरुवार

फक्त मोजणी. दर ओळीला वीस. कंटाळवाणं आहे, पण विसाव्या वरंब्याला तीन टाके जास्त निघण्यापेक्षा बरं.

शुक्रवार

एक ओळ सुलट, एक उलट. उलट टाका म्हणजे मागून बघितलेला सुलट टाका. ही वीण सुलट बाजूने वेणीसारखी गुळगुळीत दिसते, मागून बुटक्या लाटांसारखी. आणि विणून होताच गुंडाळी होते: उभे काठ मागे वळतात, वरचा-खालचा काठ पुढे. नवशिक्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. चुकलेलं काही नाही. फास वाकवून बसवलेला असतो, त्याला सरळ व्हायचं असतं, आणि सगळ्या फासांचा ओढा एकाच दिशेला असल्यामुळे पूर्ण कापड वळतं. नुसत्या सुलट ओळींच्या विणीत एकाआड एक ओळ उलट्या अंगाची येते, ओढे एकमेकांना मारतात, कापड सपाट राहतं. इस्त्रीने वळणं जात नाही. चारी बाजूंना तीनचार टाके आणि पाचसहा ओळी वरंब्याच्या विणीची चौकट ठेवली की बरंच आवरतं.

याच विणीवर आज एक टाका गळला आणि पाच ओळी खाली उतरला. बघवत नाही, सबंध चौकोन उसवावासा वाटतो. अजिबात उसवायचा नाही. गळलेल्या टाक्याच्या वर पाच आडवे दोरे शिडीच्या पायऱ्यांसारखे उघडे पडलेले असतात, आणि एकही दोरा तुटलेला नसतो. सुलट बाजू समोर धरून क्रोशाची, टोकाला आकडा असलेली सुई गळलेल्या फासात समोरून मागे घालायची, सगळ्यात खालची पायरी आकड्यात धरून फासातून पुढे ओढायची. एक ओळ चढली. मग पुढची पायरी. पाच पायऱ्या, पाच वेळा, आणि फास डाव्या सुईवर परत. पायऱ्यांचा क्रम चुकला तर मात्र एक दोरा मागे लोंबता राहतो, म्हणून दर पायरीला मागची बाजू बघायची. वरंब्याच्या विणीत हेच एकाआड एक करावं लागतं, एक पायरी समोरून, पुढची मागून.

विणकामातला निव्वळ आनंदाचा क्षण कोणता विचारलं तर मी हा सांगेन. शिडी चढून टाका सुईवर बसला की कापड कसं बनलंय ते पहिल्यांदा दिसतं: सबंध तुकडा म्हणजे एकच दोरा, फासातून काढलेला फास.

शनिवार

क्रोशाची सुई हातात आलीच आहे. क्रोशात एका वेळी एकच फास जिवंत असतो, बाकीचे सगळे मागे बंद झालेले. वीस टाके सुईवरून सांडण्याची भीतीच नाही. म्हणून उसवायला सोपं आणि मधेच ठेवून द्यायलाही सोपं. कापड मात्र जाड होतं आणि त्याच मापाला सहसा लोकर जास्त लागते.

सुरुवातीची साखळी (फासातून फास ओढत केलेली पहिली ओळ) आवळली जाते, ती सुईच्या गळ्यामुळे. आकड्यामागचा भाग निमुळता, त्यामागचा दांडा पूर्ण जाडीचा. फास दांड्यावर मापला पाहिजे. सवय होईपर्यंत साखळीपुरती अर्धा-एक मिमी जाड सुई घ्यावी.

वीस मुक्या खांबांसाठी एकवीस साखळ्या, पहिला मुका खांब सुईपासून दुसऱ्या साखळीत. सुईवरचा फास साखळीत मोजायचा नाही आणि सरकगाठही नाही. मुका खांब म्हणजे सुई टाक्यात, लोकर ओढून बाहेर, सुईवर दोन फास, पुन्हा लोकर घेऊन दोन्हींतून पार. खांबाला आधी सुईवर एक वेढा, मग सुईवर तीन फास होतात, ते दोन-दोन करून सोडायचे. वीस खांबांना बावीस साखळ्या, पहिला खांब चौथ्या साखळीत. सोडलेल्या तीन साखळ्याच पहिला खांब ठरतात.

आणि इथेच काठ बिघडतात. पुढच्या ओळीला तीन साखळ्या घेतल्या की त्यांच्या बुडाचा टाका वापरून झालेला असतो, तो सोडून दुसऱ्यात जायचं. ओळीच्या शेवटी मागच्या ओळीच्या त्याच तीन साखळ्यांच्या डोक्यावर शेवटचा खांब घालायचा. साखळी खांबासारखी दिसत नाही म्हणून ती हमखास सुटते, आणि चौकोन वर निमुळता होत जातो. सुरुवातीला एक जास्त आणि शेवटी एक कमी, अशा दोन्ही चुका एकाच ओळीत झाल्या तर मोजणी बरोबर वीस येते आणि काठ दातेरी निघतात. वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात अडकवून ठेवला की वाद मिटतो.

इंग्रजी नमुना वाचताना सावध. अमेरिकन ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, ब्रिटिश नमुन्यात त्यालाच ‘डबल क्रोशे’ म्हणतात. अमेरिकन ‘डबल’ म्हणजे खांब. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ असेल तर तो अमेरिकन, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच नाही.

रविवार

गोल. सहा मुक्या खांबांनी सुरुवात, मग बारा, अठरा, चोवीस, तीस. दर फेरीला सहाच वाढवायचे. सहाच का, हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. मुका खांब साधारण जितका उंच तितकाच रुंद. एका फेरीने त्रिज्या एका टाक्याने वाढते, म्हणजे परीघ २π, म्हणजे ६.२८ टाक्यांनी. सहा पुरतात. खांब त्याच्या जवळपास दुप्पट उंच, म्हणून खांबाच्या गोलाला दर फेरीला बारा.

वाढ कमी पडली की वाटी होते, जास्त झाली की झालर. दोन्ही मुद्दाम करता येतात. वाटी म्हणजे टोपीची सुरुवात. वाढीचे टाके दर फेरीला एकावर एक रचले तर गोलाचा षटकोन होतो, म्हणून जागा सरकवत राहायचं. फेरी न जोडता गोलगोल विणत असाल तर पहिल्या टाक्यात खूण हवीच. पाचव्या फेरीनंतर सुरुवात कुठली, हे नुसतं बघून कळत नाही.

मंगळवार

सुयांवरचा चौकोन बंद करणे. दोन टाके सुलट, पहिला दुसऱ्यावरून उचलून खाली, मग एक विणायचा, परत एक उचलायचा. इथेही काठ आवळतो. उजव्या हातात एक माप जाड सुई घेतली की काम होतं. शेवटच्या फासातून १५ सेंमी टोक ओढून घ्यायचं. टोकाला गाठ मारून कापू नये, गाठ सुटते किंवा वापरात समोर येते. बोथट सुईने एका दिशेला पाच सेंमी, मग परत उलट दिशेला तेवढंच ओवायचं.

मग धुणं. अस्सल लोकर कोमट पाण्यात पंधरावीस मिनिटं नुसती बुडवायची, पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची आणि मापात ताणून टाचण्या लावून सुकवायची. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की केसांवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि कापडाचा नमदा होतो, तो परत उलगडत नाही. अ‍ॅक्रिलिक असल्या ताणण्याला फारसं दाद देत नाही. वाफेची इस्त्री टेकवली तर ते कायमचं लुळं पडतं.

चौकोन सुकला की मोजायचा, पण काठापासून काठापर्यंत नाही. काठाचे टाके नेहमी वेडेवाकडे. मधले ५ सेंमी घ्यायचे. तिथे दहा टाके भरले तर मफलरला ३६ बरोबर. साडेनऊ भरले तर ३४. तो अर्धा टाका सोडून देऊ नये. १०० सेंमी घेराच्या स्वेटरला दहाच्या हिशोबाने २०० टाके घातले आणि हात साडेनऊचा निघाला, तर घेर १०५ येतो.