डब्यातले 40 रुपये आणि माझी अ‍ॅडमिनची मुलाखत

मुलाखतीचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं ऑफिस, अ‍ॅडमिन असिस्टंटची जागा, पुढच्या बुधवारी अकरा वाजता. हातात नऊ दिवस. आधीची नोकरी सोडून सहा वर्षं झालेली, मुलगी आता पहिलीत.

पहिले दोन दिवस मी वाया घालवले. मोबाइलवर व्हिडिओ बघून ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर पाठ केलं. आरशासमोर ‘आय अ‍ॅम हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल’ म्हणताना माझं मलाच हसू यायचं. पंक्च्युअल! शाळेची रिक्षा रोज खाली हॉर्न वाजवत उभी असते.

मग सर्टिफिकेटांची फाइल काढली. एमएस-सीआयटी होतं, टायपिंगच्या सरकारी परीक्षा होत्या, मराठी मिनिटाला 30 शब्द आणि इंग्रजी 40. कागद जागेवर होते, बोटं गंजली होती. दिराचा लॅपटॉप घेऊन रात्री एक्सेल उघडलं. व्हीलूकअप आठवलं, पिव्होट टेबल पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं.

खरी तयारी करून घेतली ती खालच्या मजल्यावरच्या काकांनी. जिल्हा परिषदेत आयुष्यभर टेबल सांभाळून निवृत्त झालेत. मी विचारलं, “काका, काय काय विचारतील?” तर म्हणाले, “ते विचारतील ते विचारतील. आधी एक डबा आण.”

बिस्किटांचा पत्र्याचा डबा नेला. त्यात 2,000 रुपये ठेवायला लावले आणि सांगितलं, आठवडाभर घरातला वरखर्च यातूनच करायचा, प्रत्येक खर्चाचं व्हाउचर लिहायचं. क्रमांक, तारीख, कशासाठी, रक्कम आकड्यात आणि अक्षरी, घेणाऱ्याची सही. डब्यातली रोकड आणि व्हाउचरांची बेरीज कधीही केली तरी 2,000 भरली पाहिजे. आठवडा संपला की जेवढ्याची व्हाउचरं तेवढेच पैसे परत डब्यात. याला इम्प्रेस्ट म्हणतात, ऑफिसची पेटी कॅश, म्हणजे किरकोळ खर्चाची रोकड, बहुतेक ठिकाणी अशीच चालते.

व्हाउचर क्र. 1, दूध, 64 रुपये. दूधवाल्याने सही करताना माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. सासूबाईंना वाटलं मी त्यांच्यावर हिशेब ठेवतेय. दोन दिवस घरात भांडी जरा जोरातच आपटत होती.

गुरुवारी 40 रुपये कमी आले. तीनदा मोजलं. शेवटी पर्समधले 40 टाकले आणि काकांना सांगून मोकळी झाले. काका एवढे चिडतील असं वाटलं नव्हतं. “आज कमी पडले म्हणून पदरचे घातलेस. उद्या 40 जास्त निघाले तर काढून घेशील का? कमी तर कमी लिहायचं, खाली सही करायची आणि त्याच दिवशी साहेबाच्या कानावर घालायचं.” पर्सचे पैसे परत काढले, ‘40 कमी’ लिहिलं. रात्री कळलं, सासूबाईंनी इस्त्रीवाल्याला दिले होते.

पगारपत्रकाचं कामचलाऊ ज्ञानही काकांनीच दिलं. पीएफ 12 टक्के, 21,000 पर्यंत पगार असेल तर ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याची कपात, आणि व्यवसाय कर म्हणजे पीटी महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. फेब्रुवारीत जास्त का? तर वर्षाला 2,500 च्या वर हा कर घेता येत नाही अशी मर्यादा राज्यघटनेतच आहे. अकरा महिन्यांचे 2,200, उरलेले 300 फेब्रुवारीत. मला हे फार आवडलं आणि तेच पुढे अंगाशी आलं.

बुधवारी आधी अर्ध्या तासाची परीक्षा झाली. हजेरीची एक्सेल शीट, तारखा काही केल्या क्रमाने लागेनात. नीट बघितल्यावर दिसलं की तारखा रेघांऐवजी टिंबं देऊन टाइप केल्यात, म्हणून एक्सेल त्यांना तारीख मानतच नाही. टेक्स्ट टू कॉलम्समधून बदलल्या, लागल्या. दुसरं काम मराठी पत्राचं, पाण्याचा दाब कमी असल्याची एमआयडीसीकडे तक्रार. मजकूर सोपा, पण मी शिकले रेमिंग्टन मशीनवर आणि तिथे कीबोर्ड इन्स्क्रिप्ट, अक्षरांच्या जागाच वेगळ्या. पाच ओळींना बारा मिनिटं लागली. तसं सांगून टाकलं.

आत तिघं होते. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ कुणी विचारलंच नाही. एचआरच्या मॅडमनी विचारलं, पेटी कॅश जुळली नाही तर काय कराल? मी डबा, इस्त्रीवाला, सासूबाई सगळं सांगितलं, पर्समधून पैसे टाकल्याचंही. मॅडम हसल्या, अकाउंट्सवाले सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “पीटी किती कापाल?” मी 200, 300, राज्यघटना, सगळं धाडधाड बोलून गेले. ते म्हणाले, “आणि तुमच्याकडून?” मी गप्प. एप्रिल 2023 पासून महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर पीटी नाही. सहा वर्षं घरात बसलेल्या बाईला हे कोण सांगणार! कान तापले होते, तरी वहीत लिहून घेतलं.

फोन अकराव्या दिवशी आला. मी 22,000 मागितले होते, 19,500 वर ठरलं. पीएफचं जुनं खातं माहेरच्या नावावर आणि आधार सासरच्या, त्यात एक आठवडा गेला.

पहिली पगाराची स्लिप घेऊन काकांकडे गेले. पीटीच्या रकान्यात शून्य. काकांनी चष्मा लावून ईएसआयसीवर बोट ठेवलं. “हे 147 कसे? पाऊण टक्क्याने 146.25 होतात.”

“पुढचा पूर्ण रुपया धरतात, काका.”

“असं होय,” म्हणाले आणि डबा परत दिला.