लुगानोतली सोंगं आणि आमचा भोवाडा

आखाजीच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या) आसपासचा रविवार होता, घरी सगळे झोके-बिके खेळत असणार आणि मी इकडे झुरिकात एकटा, म्हणून कंटाळून लुगानोची ट्रेन पकडली. दोनेक तास लागतात, मधे 57 किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा, आणि बाहेर आलं की पाट्या जर्मनच्या इटालियन झालेल्या, ऊनही जरा आपल्याकडच्यासारखं (धुळ्याचं नाही हो, धुळ्याचं ऊन ते धुळ्याचं).

तळ्याकाठी व्हिला मालपेन्साता नावाच्या जुन्या हवेलीत एक म्युझियम आहे, मुझेओ देल्ले कुल्तुरे, म्हणजे संस्कृतींचं म्युझियम. हे उभं राहिलं ते सर्ज ब्रिन्योनी नावाच्या माणसामुळे. जन्म 1903, इथल्याच कियास्सोचा, चित्रकार आणि शिल्पकार, विशीत पॅरिसला गेला आणि सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्नातल्यासारखी चित्रं-शिल्पं करणाऱ्या मंडळींत रमला, शिल्पकार जाकोमेत्तीशी दोस्ती. शिल्पं करता करता याला न्यू गिनी, न्यू आयर्लंड, बोर्निओ इकडच्या लाकडी मूर्ती नि मुखवटे जमवायचं वेड लागलं. 1940 ला पॅरिस सोडून परत आला पण जमवणं काही सुटलं नाही, शेवटी 1985 मध्ये सगळा संग्रह लुगानो शहराला देऊन टाकला. पठ्ठ्या 2002 पर्यंत जगला, म्हणजे जवळपास शंभरी.

मला खरं तर न्यू आयर्लंडच्या (न्यू गिनीजवळचं बेट) एका कोरीवकामापुढून हलताच येईना. मालांगान म्हणतात त्याला. मेलेल्या माणसाच्या विधीसाठी महिनोन् महिने कोरायचं, रंगवायचं, आणि विधी झाला की जाळायचं नाहीतर जंगलात कुजू द्यायचं, नाहीच तर गोऱ्या व्यापाऱ्याला विकायचं. म्हणजे जे माझ्यासमोर लाईटखाली उभं होतं ते खरं तर शिल्लक राहायलाच नको होतं! ब्रिन्योनीला त्यात आकार दिसला, पोकळीतनं पोकळी काढलेली, आणि ते बरोबरच आहे, शिल्पकार अजून काय बघणार. पण मला आधी आठवली ती मुखवट्याची मागची बाजू.

आमचं आजोळ साक्री तालुक्यातलं, पिंपळनेरच्या पुढे. मामाच्या घरात भोवाड्याची, म्हणजे आमच्याकडच्या मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाची, सोंगं (मुखवट्यालाच आम्ही सोंग म्हणतो) आढ्याजवळच्या खुंट्यांना फडक्यात बांधलेली असायची. एकदा मामाने मला एक उलटं करून दाखवलं होतं, पुढून लाल-पिवळा रंग, मागून मात्र लाकूड काळं, गुळगुळीत, कपाळ टेकून टेकून घासलेलं, नाकाशी धूर आणि घामाचा वास. नंतर कधीतरी जीपमधून एक जुन्या वस्तूवाला आला आणि त्यातलं एक सोंग घेऊन गेला. मामा नाही म्हणाला नव्हता, पत्रे बदलायचे होते. त्याची खुंटी अजून तशीच आहे, तिथे आता मोबाईलचा चार्जर लटकतो.

म्युझियममध्ये सगळं पुढूनच मांडलेलं, मी वाकून काचेच्या बाजूने मागचं दिसतंय का बघत होतो तर गार्ड दोनदा खाकरला. कार्डावर बेटाचं नाव होतं, कोरणाऱ्याचं नव्हतं.

बाहेर येऊन मायला व्हिडिओ कॉल लावला, काढलेले फोटो पाठवले. माय चष्मा सरकवत बराच वेळ बघत राहिली.

"हाई ते सोंगच शे ना रे भो! कितला लांब गये ते."

मग म्हणे, "तठे त्याले निवद कोन दाखाडस?"

मी म्हटलं माय, तिथे पाण्याची बाटली पण आत नेऊ देत नाहीत.