घुग्गुस ते सिंदेवाही: कोळशाच्या आधीची दलदल

काकाजींनी कोनाड्यातून एक राखाडी दगड काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्यावर जिभेच्या आकाराचं पान उमटलेलं. मधली शीर ठसठशीत, दोन्ही बाजूंना बारीक शिरांची जाळी. नख फिरवलं की ती जाळी लागते. "पाय बाप्पा, असं पान आता कोण्या झाडाले नाही," ते म्हणाले. उभी हयात कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस. खाणीतून टाकून दिलेल्या दगडांत त्यांना हे सापडलं होतं.

ते ग्लॉसोप्टेरिस नावाच्या नामशेष झाडाचं पान. घुग्गुस, वणी, बल्लारपूर, चंद्रपूर या पट्ट्यातला कोळसा 25 कोटी वर्षांहून जुना आहे आणि तो ज्यातून झाला त्या दलदलीत हीच झाडं होती. मेलेली पानं-खोडं पाण्यात पडायची. साचलेल्या पाण्यात प्राणवायू नसल्यासारखाच, म्हणून ती पुरती कुजत नसत. थरावर थर बसून होतं ते पीट. पुढे वाळू-मातीखाली दबून त्याचा दगडी कोळसा झाला. (नर्सरीतलं कोकोपीट नुसतं नावाचं पीट, तो नारळाच्या काथ्याचा भुसा.)

1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना इंग्रज शोधक स्कॉट आणि त्याचे सोबती बर्फात मेले, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे 16 किलो दगड होते. त्यांत याच ग्लॉसोप्टेरिसचे ठसे निघाले. भारत आणि अंटार्क्टिका एकेकाळी जोडलेले होते याचा तो एक पुरावा, आणि त्या जोडलेल्या भूखंडाला नाव मिळालं गोंडवन, आपल्या गोंडांच्या मुलखावरून. चंद्रपुरात गोंड राजांच्या परकोटाजवळ उभं राहिल्यावर हे आठवलं आणि अंगावर काटा आला.

हा दगड बघायला खाणीत घुसू नका. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, आणि मातीचे ढिगारे कधी घसरतील याचा नेम नाही. नागपूरच्या अजबबंगल्यात, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती संग्रहालयात, जीवाश्म नीट मांडलेले आहेत. आधी ते बघा, मग इकडे या.

तसा दलदलीचा गाळ आज कुठे दिसतो का, म्हणून दुसऱ्या दिवशी मूलमार्गे सिंदेवाहीकडे गेलो, मामा तलाव बघायला. मामा म्हणजे माजी मालगुजारी, सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यातले. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, नाव मात्र राहिलं. रेल्वेने जायचं तर गोंदिया मार्गाची गाडी चांदा फोर्ट स्टेशनवरून पकडा, चंद्रपूर स्टेशनवरून नाही. गाड्या मोजक्याच, परतीची वेळ आधी विचारून ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा काळ. हा वाघांचा मुलूख आहे, तेव्हा पहाटे किंवा सांजेला तलावाच्या पाळीवर (बांधावर) एकट्याने फिरू नका. गावातलं माणूस सोबत घ्या आणि उजेडीच परता.

पाळीच्या आतल्या बाजूला, कमळाच्या पानांजवळ मी काठी खुपसली. हातभर आत गेली. उपसली तर बुडबुडे वर आले, काठीला काळा गाळ आणि सडक्या अंड्यांचा वास. प्राणवायूवाचून कुजणं म्हणजे काय ते पुस्तकापेक्षा या वासातून जास्त कळलं.

पण हे पीट नव्हे. आपल्याकडे उन्हाळ्यात काठ उघडे पडतात, गाळाला हवा लागते आणि साठलेलं सगळं कुजून जातं. आयर्लंड, सायबेरिया, इंडोनेशियात दलदल बारमाही ओली राहते, म्हणून तिथे पीट साठतं. थंड प्रदेशात त्याचा थर वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर चढतो. पुरुषभर खोलीला दीड हजारांहून अधिक वर्षं लागतात. जगाच्या जमिनीच्या फक्त 3 टक्के भागावर पीट आहे, पण त्यात जगभरच्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे. आणि इतिहासही. डेन्मार्कमध्ये 1950 साली पीट कापताना एका माणसाचं प्रेत निघालं. हनुवटीवरचे खुंट शाबूत, गळ्यात दोरी. नुकताच खून झालाय समजून लोकांनी पोलिसांना कळवलं. तो माणूस सुमारे 2400 वर्षांपूर्वीचा होता.

अशी दलदल चर खणून सुकवली की ती पेट घेते. 2015 मध्ये इंडोनेशियात ती महिनोन्‌महिने जळत होती आणि धूर सिंगापूरपर्यंत पोचला होता.

जमल्यास मे महिन्यात त्याच तलावाच्या काठावर पुन्हा जा. मी गेलो होतो. भेगाळलेल्या चिखलाचं ढेकूळ उचलून चुरडलं. रंग करडा झाला होता, वास गेला होता, आणि बोटांत फक्त धूळ उरली.