इंग्रजीच्या तासाला भेटलेला टॉर्पेडो

आमचे इंग्रजीचे सर वर्तमानपत्रातील मथळे फळ्यावर लिहून त्यांवरून शिकवत. वाटाघाटी कोणीतरी ‘टॉर्पेडो’ केल्या, म्हणजे उधळून लावल्या, अशा आशयाचा मथळा त्यांनी लिहिला, तेव्हा १९७१चे युद्ध ताजे होते आणि ९ डिसेंबरच्या रात्री दीवनजीकच्या समुद्रात ‘खुकरी’ ही भारतीय युद्धनौका याच शस्त्राने बुडाली, हे आम्हांला ठाऊक होते. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले होते. इतक्या माणसांचा घास घेणारा शब्द बैठकांबद्दल कसा वापरतात, असे एकाने विचारले आणि सरांनी त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला.

लॅटिनमध्ये हे नाव विजेच्या झटक्याने भक्ष्य बधिर करणाऱ्या एका चपट्या माशाचे. रॉबर्ट फुल्टन या अमेरिकन संशोधकाने ते पाण्याखालच्या स्फोटकांना वापरले आणि १८०५ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘डोरोथिया’ नावाचे जहाज त्यांनी उडवून दाखवले. अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ साली, अलाबामातील मोबाइल या बंदराच्या उपसागरात ‘टेकमसे’ ही चिलखती नौका ज्याने बुडवली, तो खरे तर पाणसुरुंग. पण तेव्हा त्यालाही टॉर्पेडोच म्हणत. स्वतः धावणारा टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, आला तो रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्यामुळे. जोव्हानी लुप्पिस या ऑस्ट्रियन नौदलाधिकाऱ्याच्या कल्पनेवरून त्याने १८६६ साली फ्यूम बंदरात, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रिएका येथे, दाबलेल्या हवेवर चालणारे हे शस्त्र बनवले, आणि ठरावीक खोलीवरून जाण्याची त्याची युक्ती पुष्कळ वर्षे गुपित राखली.

सरांचे सारे विवेचन या खोलीभोवती फिरे. तोफेचा मारा कुठून होतो ते दिसते, पाणतीर मात्र जलरेषेखाली, थेट पाणी आत शिरेल तिथे लागतो, आणि सोडणारी पाणबुडी बहुधा कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. १९१५ साली ‘लुसिटानिया’ ही ब्रिटिश प्रवासी बोट एकाच पाणतीराने अवघ्या १८ मिनिटांत बुडाली आणि अकराशेंहून अधिक प्रवासी व खलाशी मेले. बेत उधळण्याच्या अर्थाने हे क्रियापद त्याआधीच इंग्रजीत रुळू लागले होते. परंतु ठरत आलेल्या गोष्टीवर नजरेआडून पडलेला घाव म्हणजे काय, हे अशा बातम्यांनी सामान्य वाचकालाही उमगले असणार, असे सर म्हणत, आणि मला ते आजही पटते.

पुढे इंग्रजी वृत्तपत्रात उपसंपादक म्हणून काम करताना हाच निकष मी कसोशीने पाळला. भर सभागृहात, नाव घेऊन, उघड मतदानाने पाडलेल्या ठरावाच्या बातमीत कोणी हे क्रियापद घातले, तर मी ते खोडून ‘फेटाळला’ एवढेच लिहीत असे.